टोरनेडो, वावटळ की सरळ वारा? नागपूरच्या आकाशात ओळखायचं कसं

एप्रिल लागला की नागपुरात दुपारभर ऊन भाजून काढतं आणि चारच्या पुढे पश्चिमेकडे ढगांची गर्दी होऊ लागते. तासाभरात मोबाईल व्हिडिओंनी भरतो. कोराडी रोडवरून कुणी धुळीचा उभा खांब टिपलेला असतो, हिंगण्याहून कुणी जमिनीला टेकल्यासारखा दिसणारा काळा ढग पाठवतो, काटोलकडच्या एखाद्या संत्राबागेत टिनाचे पत्रे भिरभिरताना दिसतात. खाली मजकूर सगळीकडे एकच असतो : ‘नागपुरात टोरनेडो!’

यातल्या बहुतेक गोष्टी टोरनेडो नसतात. पण म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत, आणि माझा सगळा भर याच मुद्द्यावर आहे. आपल्याकडे माणसं दगावतात ती विजेने, अंगावर पडलेल्या झाडाने, उडालेल्या पत्र्याने, कोसळलेल्या होर्डिंगने. समोर काय आहे हे नीट ओळखता आलं तर धोका कुठल्या बाजूने येणार हे कळतं आणि हाताशी असलेली पाच-दहा मिनिटं योग्य कामी लागतात.

टोरनेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोचलेला, जोराने फिरणारा हवेचा स्तंभ. यात दोन अटी आहेत. हवा फिरत असली पाहिजे, आणि ते फिरणं ढगाला आणि जमिनीला एकाच वेळी भिडलेलं असलं पाहिजे. एकच अट पूर्ण होत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे. समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळाशी याची गल्लत करू नका. चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो आणि ते कित्येक दिवस टिकतं. टोरनेडोचा पट्टा बहुधा काहीशे मीटर रुंदीचा आणि त्याचं आयुष्य मिनिटांत मोजण्याएवढं.

तेव्हा पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये आपण दोनच प्रश्न विचारत राहणार आहोत. फिरतंय का? आणि वर-खाली दोन्हीकडे जोडलेलं आहे का?

पायरी १ : आधी डोक्यावर पाहा, मग घड्याळाकडे

धुळीचा खांब फिरताना दिसला की सगळ्यात आधी मान वर करा. वर निळं आकाश किंवा तुरळक पांढरे ढग असतील, वेळ सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यानची असेल आणि वारा एरवी पडलेला असेल, तर ती वावटळ आहे. पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

वावटळीचा जन्म जमिनीवर होतो. गहू काढून मोकळं झालेलं वावर, कस्तुरचंद पार्कसारखं उघडं मैदान, नव्या लेआउटमधली मुरमाची जमीन, अशा जागा उन्हाने आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जास्त तापतात. तिथली हवा झपाट्याने वर उठते, बाजूची हवा आत घुसते आणि घुसताना तिला पीळ बसतो. वर ढगाशी तिचं काही नातं नसतं. बहुतेक वावटळी काही मीटर रुंद आणि काही डझन मीटर उंच असतात, एखादी काहीशे मीटरपर्यंत जाते. फिरण्याची दिशाही ठरलेली नसते.

तरी तिला हलकं समजू नका. मोठ्या वावटळीत वारा ताशी ७० किलोमीटरच्या घरात जातो आणि ऐन लग्नसराईत मांडवाचे बांबू आणि पडदे उचलायला तेवढा पुरतो. मांडवाखाली मुलं असतील तर त्यांना बाहेर मोकळ्या जागेत काढा, डोळे झाका, खाली बसा. दोन-चार मिनिटांत ती ओसरते. शेतातली धसकटं किंवा काड पेटवलेली असेल तर मात्र हीच वावटळ जळता पाचोळा बांधापलीकडे नेऊन टाकते. दुपारच्या वेळी धुरे पेटवू नयेत ते यासाठीही.

पायरी २ : ढगाचा तळ किती उंच आहे ते काढा

ही पायरी कुणी करत नाही आणि मला ती फार मोलाची वाटते. हवामानाच्या कुठल्याही ॲपमध्ये तापमानाबरोबर दवबिंदूही, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडाही, दिलेला असतो. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि आलेल्या आकड्याला १२५ने गुणा. जमिनीपासून ढगाचा तळ साधारण किती मीटरवर असेल याचा अंदाज मिळतो.

मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान ४२ अंश, दवबिंदू १६. फरक २६, म्हणजे तळ सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. आता जूनचा दुसरा आठवडा घ्या. तापमान ३२, दवबिंदू २४. फरक ८, म्हणजे तळ एका किलोमीटरवर.

टोरनेडोला जमिनीलगतची हवा दमट आणि ढगाचा तळ खाली लागतो. शिवाय जमिनीपासून वर जाताना वाऱ्याची दिशा आणि वेग झपाट्याने बदलावा लागतो, त्याशिवाय ढगाला फिरण्याची चाल मिळत नाही. बंगालच्या मैदानात मार्च ते मे या काळात हे सगळं एकत्र येतं. खाली उपसागरावरून आलेला दमट वारा आणि त्याच्यावर पश्चिमेकडून वाहणारा कोरडा, जोरदार वारा. बांगलादेशच्या माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-सातुरिया भागात झालेल्या टोरनेडोत सुमारे १,३०० माणसं गेली. जगात नोंदलेल्या टोरनेडोंमध्ये एवढी मनुष्यहानी दुसऱ्या कशात झालेली नाही. आपल्या देशातही १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत टोरनेडो झाला आणि त्यात २८ जण दगावले. म्हणजे ‘भारतात होतच नाही’ हे म्हणणं चूक आहे.

विदर्भात उन्हाळ्यात ढग तयार होतात ते बहुधा वाऱ्यांच्या खंडिततेमुळे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांचे वारे एका रेषेवर भेटतात त्यामुळे. दोन्ही समुद्रांवरून थोडीफार ओल येते, पण जमिनीलगतचा दोन-तीन किलोमीटरचा थर कोरडाठाक असतो. अशा उंच तळाच्या ढगातून टोरनेडो निघण्याची शक्यता फार कमी होते. त्याच वेळी दुसरा एक धोका वाढतो. ढगातून पडणारा पाऊस या कोरड्या थरात वाटेतच आटतो, आटताना भोवतालची हवा थंड करतो, थंड हवा जड होते आणि धाडकन खाली येते. आपल्याकडच्या उन्हाळी वादळात झाडं आडवी होतात ती बहुतेक वेळा या कोसळत्या हवेने.

म्हणून तळ दोन किलोमीटरच्या वर निघाला तर मनाची तयारी या कोसळत्या हवेची, म्हणजे सरळ वाऱ्याची ठेवा. तळ किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर असेल आणि ढग भराभर वाढत असतील, तर पुढच्या पायऱ्या जास्त लक्ष देऊन करा.

पायरी ३ : ढगाच्या कुठल्या भागाकडे पाहता आहात?

गडगडाटी ढगाखाली दोन वेगळे भाग असतात. एकीकडे पाऊस आणि गारा कोसळत असतात, तिथे पांढरट-करडा पडदा दिसतो. दुसरीकडे पाऊस नसतो, तळ सपाट आणि काळा असतो. तिथून हवा वर शोषली जात असते. टोरनेडो आला तर बहुधा या दुसऱ्या भागातून येतो. ढग पूर्वेकडे सरकत असेल तर हा भाग साधारणपणे पावसाच्या नैऋत्येला सापडतो.

आता फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून पश्चिमेला पाहताना जो देखावा सगळ्यांना घाबरवतो तो घ्या. क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली, थरांची काळी-निळी कमान अंगावर चालून येते आणि तिच्यामागे पाऊस असतो. हा शेल्फ क्लाउड. कोसळलेली थंड हवा जमिनीवरून पुढे धावते, समोरच्या दमट, गरम हवेला वर ढकलते आणि त्या धारेवर हा ढग बनतो. त्याची खालची कड पावसापासून दूर, पुढच्या बाजूला झुकलेली असते. कमानीच्या पोटाखाली खळबळ दिसते, चिंध्या लोंबतात, पण सगळं एकाच दिशेने पुढे सरकत असतं. शेल्फ क्लाउड दिसला याचा अर्थ काही मिनिटांत वाऱ्याचा दणका बसणार. टोरनेडोची ती खूण नाही.

वॉल क्लाउड आकाराने लहान असतो. सपाट, काळ्या, बिनपावसाच्या तळाखाली एखादा जाड ठोकळा लोंबकळल्यासारखा दिसतो, त्याची उतरती बाजू पावसाकडे असते आणि तो दहा-दहा मिनिटं टिकतो. तो फिरायला लागला तर गंभीर व्हा. वादळाच्या मोठ्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या ढगाला सुपरसेल म्हणतात आणि जोरकस टोरनेडो बहुतेक त्याच्या अशा भागातून उतरतात.

ढगाच्या पोटाला गोल पिशव्या लटकल्यासारखं कधी कधी संध्याकाळच्या उन्हात दिसतं. फोटो सुंदर येतात. त्याचा टोरनेडोशी संबंध नाही. आकाश हिरवट झालं म्हणजे टोरनेडो, हाही समज धरू नका. खोल ढग आणि मावळतीचा प्रकाश एकत्र आले की असा रंग येऊ शकतो.

पायरी ४ : फिरतंय की नुसतं हलतंय?

डोळा इथेच सगळ्यात जास्त फसतो, म्हणून इथे घाई करू नका.

घराच्या आत, दाराच्या चौकटीशी उभे राहा. समोरच्या विजेच्या खांबाची किंवा इमारतीची उभी कड आणि संशयित ढग एका रेषेत घ्या. डोकं हलवू नका. पूर्ण एक मिनिट पाहा. ढगाचे पुढचे तुकडे एका दिशेने आणि त्याच वेळी मागचे तुकडे उलट दिशेने जाताना दिसले तरच ते फिरणं. सगळे तुकडे एकाच दिशेने जात असतील तर ढग नुसता सरकतोय. आपल्या गोलार्धात टोरनेडो बहुतेक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, त्यामुळे तुमच्याकडची बाजू डावीकडून उजवीकडे जाताना दिसेल.

मोबाईलचा इथे खरा उपयोग आहे. झूम न करता, फोन आडवा धरून, खिडकीच्या चौकटीला टेकवा आणि मिनिटभर चित्रण करा. खाली जमिनीची पट्टी दिसली पाहिजे. मग तेच चित्रण आठपट वेगाने लावा. साध्या डोळ्यांना न जाणवलेलं फिरणं असेल तर ते लगेच दिसतं. नसेल तर तेही तितकंच स्वच्छ कळतं. हातात धरून, झूम करून, ओरडत काढलेल्या व्हिडिओत ढग फिरतोय की हात हलतोय हे सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त फसवतात ते वादळाच्या तळाखाली लोंबणारे ढगांचे फाटके तुकडे. पावसाने गारठलेली दमट हवा वर खेचली जाते तेव्हा ते तयार होतात. ते निमुळते दिसतात, कधी जमिनीपासून जेमतेम शंभर-दोनशे मीटरवर असतात आणि वर उठताना खालून वर चढल्यासारखे भासतात. त्यांच्या कडा पिंजलेल्या असतात आणि आकार दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. खऱ्या फिरत्या नरसाळ्याची कड गुळगुळीत असते, दोन्ही बाजू सारख्या असतात आणि जागा बदलली तरी आकार टिकून राहतो.

पायरी ५ : खाली जमिनीवर काय चाललंय?

फिरणारं नरसाळं दिसलं, पण ते अर्ध्यावरच संपतंय. मग? सरळ रेषेत त्याच्या खाली जमिनीकडे पाहा. तिथे धूळ, पाचोळा किंवा पत्रे गोल फिरत असतील तर तो टोरनेडोच आहे, मधला भाग डोळ्यांना दिसला नाही तरी. हवा दिसत नसते. दिसतो तो तिच्यातला बाष्पाचा ढग आणि धूळ, आणि ते दोन्ही मधोमध नसूही शकतात. खाली काहीच हालचाल नसेल तर ते अजून जमिनीला न टेकलेलं नरसाळं आहे. तरी आडोशाला जाण्याची वेळ आलेली आहे.

उलटही घडतं. शेल्फ क्लाउडच्या पुढे, वाऱ्याच्या धारेवर, जमिनीवर धुळीचा भोवरा उठतो, काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं गरगरतो आणि विरतो. वर ढगात त्याच जागी काहीच फिरत नसतं. याला गस्टनेडो म्हणतात. व्हिडिओत हा हुबेहूब टोरनेडोसारखा दिसतो, कारण वर काळा ढग असतो आणि खाली भोवरा. दोघांना जोडणारं काही आहे का, एवढंच तपासा.

दूरचा पावसाचा पडदाही फसवतो. तो उभा, गडद आणि जमिनीला टेकलेला दिसतो, पण फिरत नाही, आणि कडेला त्याच्यातून मागचं आकाश थोडंफार दिसतं. या पडद्याचा जमिनीकडचा भाग बाहेर वळलेला दिसला तर मात्र सावध व्हा. खाली आदळलेली हवा पावसाला बाजूला ढकलते आहे, असा त्याचा अर्थ आहे.

शहराभोवती डोळ्याला फसवणारी आणखीही ठिकाणं आहेत. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांतून निघणारा धूर आणि वाफ काळ्या ढगाच्या पार्श्वभूमीवर उभा स्तंभ भासते. वीटभट्ट्यांचंही तेच. आपल्या गच्चीवरून या गोष्टी कुठल्या दिशेला आहेत ते स्वच्छ दिवशी एकदा पाहून ठेवा.

सरळ वारा : नागपूरचा खरा पाहुणा

नळाची धार ओट्यावर पडून जशी चहूबाजूंनी पसरते, तशी ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आदळून बाहेर फाकते. हा डाउनबर्स्ट. त्याचा पसारा चार किलोमीटरपर्यंतचा असेल तर मायक्रोबर्स्ट म्हणतात.

ही गोष्ट जगाला पटवून दिली ती हवामानशास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनी. टोरनेडोची तीव्रता मोजायची एफ श्रेणी त्यांनीच १९७१ मध्ये मांडली होती. १९४५ मध्ये अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या नागासाकीत झाडं स्फोटाच्या केंद्रापासून बाहेरच्या दिशेने पडलेली त्यांनी पाहिली होती. पुढे १९७४ च्या अमेरिकेतल्या टोरनेडोंनंतर विमानातून पाहणी करताना जंगलात तशीच ताऱ्याच्या आकाराची पडझड त्यांना दिसली. फिरत्या वाऱ्याने झाडं अशी पडू शकत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान उतरताना कोसळलं, त्याच्या तपासातही त्यांनी याच कोसळत्या हवेकडे बोट दाखवलं.

ताकदीच्या बाबतीत ही कोसळती हवा टोरनेडोपेक्षा नेहमीच कमी असते असं समजू नका. आज वापरात असलेल्या सुधारित श्रेणीत सगळ्यात खालच्या पायरीच्या टोरनेडोचा वारा ताशी १०५ ते १३७ किलोमीटर धरतात. जोरदार डाउनबर्स्ट सहज तिथवर पोचतो, आणि क्वचित ताशी २०० च्याही पुढे जातो. फरक असा की टोरनेडो एक चिंचोळा पट्टा उद्ध्वस्त करतो, सरळ वारा अख्ख्या वस्तीवरून जातो.

सरळ वारा ओळखायचा तो अंगाला जाणवणाऱ्या खुणांवरून. आधी हवा पडते, घुसमटायला होतं. मग एकदम गार झोत येतो, मातीचा वास येतो, धुळीची भिंत दिसते, मागोमाग टपोरे थेंब किंवा गारा. वारा एकाच बाजूने येतो आणि पाच-दहा मिनिटं, कधी वीस मिनिटं दणकत राहतो. हवामान खात्याच्या हिशेबात वाऱ्याचा वेग अचानक किमान ताशी २९ किलोमीटरने वाढून ४० च्या वर गेला आणि मिनिटभर तरी टिकला तर त्याला स्क्वॉल म्हणतात. टोरनेडोत वारा काही सेकंदांत दिशा बदलतो आणि एका जागेवरून मिनिट-दोन मिनिटांत निघून जातो.

आवाजावर विसंबू नका. सलग घरघर दोन्हींत ऐकू येते, आणि टिनाच्या छपराखाली बसलेल्याला तर साध्या गारांचाही आवाज छाती धडधडवणारा वाटतो.

ढगफुटीबद्दल थोडक्यात. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर हवामान खातं त्याला ढगफुटी म्हणतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. तिथे धोका पाण्याचा होता, आणि पाण्यात जायचं ते वर. वाऱ्यात जायचं ते खाली आणि आत. हे दोन उलटे नियम डोक्यात पक्के असू द्या.

रात्रीची गोष्ट

अंधारात विजेच्या लखलखाटाशिवाय काही दिसत नाही. एका चमकेत दिसलेल्या आकारावर निष्कर्ष काढू नका. तीन-चार चमकांत तोच आकार, तितकाच गुळगुळीत दिसला तरच विचार करा. जमिनीलगत निळे-हिरवे भपके दिसतात ते बहुधा तारा एकमेकींना घासल्याचे किंवा डीपी उडाल्याचे असतात. ते कुठल्याही जोरदार वाऱ्यात होतं. रात्री ओळखत बसण्यापेक्षा आत जाणं बरं.

रडार कसं वाचायचं

नागपूरला हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे आणि त्याची चित्रं खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. पावसाच्या चित्रात ५० डीबीझेडच्या (रडारकडे परत येणाऱ्या लहरींचा जोर मोजायचं एकक) वरचा भाग म्हणजे जोरदार वादळ. ५५-६० च्या पुढे गारांची शक्यता धरा. लागोपाठ दोन-तीन चित्रं पाहून ढग कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकतोय ते काढा, कारण ‘वादळ पश्चिमेकडूनच येतं’ हा नियम दर वेळी पाळला जात नाही.

वेगाचं चित्र समजून घ्यायला थोडी सवय लागते. रडारकडे येणारी हवा एका रंगात, दूर जाणारी दुसऱ्या रंगात दिसते. हे दोन ठळक रंग रडारपासून सारख्याच अंतरावर शेजारी-शेजारी, छोट्याशा जागेत चिकटून दिसले तर तिथे हवा फिरते आहे. येणारा रंग रडारच्या बाजूला आणि जाणारा त्याच्या पलीकडे असेल तर हवा फाकते आहे, म्हणजे डाउनबर्स्ट. पण रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वळते. शंभर किलोमीटरवर सगळ्यात खालचा किरणही जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. तिथे ढगातलं फिरणं दिसू शकतं, जमिनीवर काय पोचलं ते दिसत नाही.

आपल्याकडे इशारे येतात ते ‘मेघगर्जना, विजा आणि ताशी ४० ते ५०, ५० ते ६० किलोमीटर वेगाचे वारे’ अशा शब्दांत, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांसह. पुढच्या तीन तासांचा अंदाज रोज पाहायची सवय लावा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या, आणि आईवडील गावाकडे असतील तर त्यांच्याही फोनमध्ये टाकून द्या.

ओळख पटली, आता काय?

वीज पहिली. चमक आणि गडगडाट यांतल्या सेकंदांना तीनने भागा, किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली, एकट्या टिनाच्या शेडखाली थांबू नका. काहीच आडोसा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

सरळ वाऱ्यासाठी पक्क्या भिंतींचं घर पुरतं. खिडक्यांपासून दूर राहा. गाडीवर असाल तर होर्डिंग, सुबाभूळ, गुलमोहर आणि बांधकामाच्या परांच्या यांच्यापासून बाजूला व्हा. पुलाखाली किंवा मेट्रोच्या खांबांमध्ये गर्दी करून थांबायची आपल्याला सवय आहे. तिथे वारा अरुंद जागेतून घुसताना वाढतो आणि रस्त्यावर थांबलेल्यांना मागून येणाऱ्या ट्रकचाही धोका असतो. दुकान, पेट्रोलपंपाचं ऑफिस, कुठलीही पक्की इमारत गाठा.

टोरनेडो दिसला, फिरतोय, जमिनीला टेकलाय. सगळ्यात खालचा मजला, सगळ्यात आतली खिडकी नसलेली खोली, बहुतेक घरांत ती न्हाणी किंवा जिन्याखालची जागा असते. डोक्यावर गादी किंवा ब्लँकेट घ्या. तो डावीकडे-उजवीकडे सरकताना दिसत नाही पण मोठा होतोय, याचा अर्थ तो तुमच्याकडेच येतोय. उघड्या शेतात असाल आणि पळायला वेळ नसेल तर त्याच्या वाटेच्या काटकोनात दूर व्हा. तेही जमलं नाही तर कोरड्या नालीत किंवा खड्ड्यात पालथे पडून डोकं हातांनी झाका. विजेसाठी आडवं पडायचं नाही असं वर सांगितलं. इथे उडत्या पत्र्याचा धोका त्याहून मोठा असतो, म्हणून आडवं पडायचं.

दुसऱ्या दिवशी : पडलेली झाडं काय सांगतात

वादळ डोळ्यांनी पाहिलं नसेल तरी खुणा उरतात. सकाळी, तारा तुटलेल्या नाहीत याची खात्री करून, निघा. सोबत वही आणि फोनमधलं होकायंत्र. प्रत्येक पडलेल्या झाडाशी बुंध्याकडे उभे राहून शेंड्याकडे होकायंत्र धरा आणि अंश लिहा. नकाशावर त्या जागी तेवढ्याच दिशेचा बाण काढा. पंधरा-वीस झाडांनंतर चित्र उमटतं. बाण एकमेकांना समांतर असतील किंवा पंख्यासारखे बाहेर उघडत असतील तर सरळ वारा. एका अरुंद, लांब पट्ट्यात बाण दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेकडे वळलेले, एकमेकांवर आडवे पडलेले असतील तर फिरता वारा.

शहरातल्या झाडांबाबत एक काळजी घ्या. सिमेंट रस्ते आणि फूटपाथ करताना अनेक झाडांची एका बाजूची मुळं कापली गेली आहेत. असं झाड वाऱ्याच्या दिशेपेक्षा मुळांच्या कमजोरीप्रमाणे पडतं. खोड जमिनीपासून उखडलंय की मधून मोडलंय, मुळांचा गड्डा एका बाजूने सपाट कापलेला आहे का, ते वाकून पाहा. तशी झाडं मोजणीतून वगळा. पिळवटलेलं खोडही पुरावा मानू नका. एका बाजूला जड फांदी असली की सरळ वाऱ्यातही खोड पिळतं. लांब उडालेला टिनाचा पत्रा तर काहीच सिद्ध करत नाही, पत्रा कुठल्याही वाऱ्यात उडतो.

मोजणीला आमराई, संत्र्याची बाग किंवा शेताच्या बांधावरची झाडं जास्त चांगली. ओळीने लावलेली, एका वयाची झाडं वाऱ्याची दिशा अगदी स्वच्छ दाखवतात.

हीच वही तलाठी किंवा कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा कामी पडते. वादळाची सुरुवात आणि शेवट यांची वेळ, वारा कुठून आला, गारांचा आकार पट्टी ठेवून काढलेल्या फोटोसह, झाडांच्या पडण्याची दिशा, किती फळगळ झाली, हे सगळं लिहून ठेवा. ‘टोरनेडो आला’ एवढ्या नोंदीपेक्षा ‘५ वाजून १० मिनिटांनी वायव्येकडून वारा, १२ मिनिटं, मग बोराएवढ्या गारा’ ही नोंद तपासता येते. पीकविमा काढलेला असेल आणि त्यात नुकसानीची सूचना द्यावी लागत असेल तर तिची मुदत थोडी असते, त्यामुळे फोटो आणि वही त्याच दिवशी पूर्ण करा. कुणी अडकलेलं किंवा जखमी असेल तर त्याआधी ११२ किंवा १०८ लावा, आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७.